अध्यक्षांना विळी लावण्याबाबत

मल्हारने त्या रविवारी हात वर केला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. पण हात वर करणे त्याला जन्मात कधी जमले नव्हते. शाळेत उत्तर येत असले तरी त्याचा हात बाकाखालीच राही आणि तिथल्या तिथे बोटांनी ते उत्तर मांडीवर लिहून काढी. सव्विसाव्या वर्षी तो निंबवणी परसबाग मंडळाचा सचिव झाला, तोही केवळ अक्षर चांगले म्हणून. लिहिणाऱ्याला बोलावे लागत नाही, या एका आशेवर त्याने ते पद पत्करले होते.

माकणीच्या धरणाचे पाणी फुगून जिथे शेतांच्या बांधांना टेकते, तिथे निंबवणी आहे. गाव लहान. समाजमंदिरामागची जागा वर्षानुवर्षे फुटके सिमेंटचे नळ आणि शेळ्या यांच्या ताब्यात होती. तेरा जणांनी मंडळ काढून ती सोडवली. दर रविवारी सकाळी खुरपणी व्हायची, मग बियांची देवघेव, आणि उन्हे वर आली की बैठक. मेथी, शेपू, गवार, दोडका, कडेने झेंडू आणि शेवंती. बाग लहान होती, पण तिच्यात दोन देश होते.

एका देशाचे धनी आण्णासाहेब. वीस एकरांचे बागायतदार, आवाजही तेवढाच ऐसपैस. बागेत खाण्याजोगे तेच असावे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या देशाचे धनी शिवलिंगप्पा. मुरुमकडून येऊन इथे किराणा दुकान टाकून त्यांना तीस वर्षे झाली होती, तरी रागावले की ते कानडीत रागावत. त्यांच्या मते बागेत वाहण्याजोगे असावे. पाणी आधी वांग्यांना की आधी झेंडूला, या प्रश्नावर मंडळाच्या पहिल्या वर्षातल्या एकोणीस बैठका खर्ची पडल्या होत्या.

भाद्रपदात अध्यक्षाची निवडणूक आली. सहा हात आण्णासाहेबांसाठी वर गेले. सहा हात शिवलिंगप्पांसाठी वर गेले. मग बारा जणांनी माना वळवून तेराव्याकडे पाहिले.

कुणाच्याही डोळ्यांत पाहायला नको म्हणून मल्हारने नजर वर नेली. समाजमंदिराच्या पत्र्यावर एक वेल चढला होता आणि पत्र्याच्या कडेला, पानांच्या सावलीत, एक भोपळा बसला होता. चांगला परातीएवढा, अंगावर खोल शिरा, रंग अजून हिरवा, पण एका कुशीला पिवळसर पहाट फुटू लागलेली. मल्हार त्याच्याकडे बघत राहिला. त्याला वाटले, इतके निवांत आपल्याला कधी बसता आले असते तर.

पिराजीमामा एसटीच्या आगारात नियंत्रक होते. निवृत्त झाले, तरी घोषणा करण्याची सवय सुटली नव्हती.

"तेरावं मत भोपळ्याला," ते म्हणाले. "लिहून घ्या."

सगळे हसले. आण्णासाहेब मात्र हसता हसता थांबले. त्यांच्या कपाळावर हिशेब दिसू लागला. आपल्याला चालतंय, ते म्हणाले, निदान फुलांचा हट्ट तरी धरणार न्हाय. शिवलिंगप्पांनी तितक्याच शांतपणे उत्तर दिले, की मग त्यांनाही चालतो, वांग्यांचाही धरणार नाही. समोरच्याने माघार घेईपर्यंत आठवडाभर हा खेळ चालेल, असे दोघांनाही वाटत होते. पण माघार घेणारा हरणार होता. म्हणून कुणीच घेतली नाही. मल्हारने खाली मान घालून सुंदर अक्षरात लिहिले: अध्यक्षपदी बिनविरोध निवड.

दिवाळीनंतर वेल वाळला तेव्हा अध्यक्षांना पत्र्यावरून खाली उतरवण्यात आले. त्या वर्षी वानरांनी वेलावर काही राहू दिले नव्हते. हा एवढाच एक वाचला होता. दोघांनी मिळून त्याला आत आणले, खुर्चीवर चुंबळ ठेवली आणि तिच्यावर बसवले. शिवलिंगप्पांनी दुकानातून शाल आणली. ते पाहून आण्णासाहेबांनी घरून फेटा आणवला.

आणि मग जे झाले, त्याची अपेक्षा कुणीच केली नव्हती. कारभार सुधारला.

सभेत बोलायचे ते अध्यक्षांकडे तोंड करून, असा मंडळाचा नियम पहिल्यापासून होता, पण तो पाळला जात नव्हता. आता पाळला जाऊ लागला, कारण अध्यक्ष कुणाच्याच बाजूचे नव्हते. आण्णासाहेब उठत, तावातावाने भोपळ्याला पाण्याचे सांगत, आणि भोपळा ऐकून घेई. त्या शिरा पडलेल्या शांत चेहऱ्यापुढे माणसाचा आवाज चौथ्या वाक्याला आपोआप खाली येई. मग शिवलिंगप्पा उठत. दोघांचे झाले की पिराजीमामा विचारत, अध्यक्षांची काही हरकत? हरकत नसे. ठराव संमत होई. सकाळचे पाणी वांग्यांना, संध्याकाळचे झेंडूला, हे एकोणीस बैठकांत न सुटलेले कोडे अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत, एक शब्द न बोलता सोडवले.

लोक नुसते दर्शनालाही येऊ लागले. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ एकदा समाजमंदिरात येऊन भोपळ्यासमोर बसले, आणि उठले तेव्हा त्यांच्यात बोलणे सुरू झाले होते. तालुक्याच्या परसबाग स्पर्धेत मंडळाचा दुसरा क्रमांक आला. पाहणीला आलेल्या साहेबांना पुढच्या गावाची घाई होती. त्यांनी हार खुर्चीतल्या फेट्याला घातला, खंबीर नेतृत्वाविषयी दोन शब्द बोलले आणि गाडीत बसले. शेजारच्या गावाने तर अध्यक्ष महिनाभरासाठी उसने मिळतील का, अशी लेखी विचारणा केली.

मल्हारचे मात्र निराळे होते. समाजमंदिराची किल्ली सचिवाकडे असे. रविवारी तो इतरांच्या तासभर आधी येई, झाडून घेई आणि अध्यक्षांच्या फेट्यावरची धूळ झटकी. एका सकाळी झटकता झटकता त्याच्या तोंडून शब्द निघाला. मग दुसरा. आईला जाऊन सहा वर्षे झाली होती. तेव्हापासून घरात वडील आणि तो, दोघेही भाकरी मोडण्याच्या आवाजावरच दिवस काढत. आता तो भोपळ्याला सांगू लागला: कालव्याकडेला पांढऱ्या फुलांची एक ओळ आपोआप उगवली आहे, संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा पहिल्यांदा कुणाच्या दाराला लागतो, आणि लोक एकमेकांशी इतक्या सहज कसे बोलतात याचे त्याला किती नवल वाटते. भोपळा ऐकून घेई. त्या सहा महिन्यांत मल्हार त्याच्याशी जितके बोलला, तितके तो त्याआधीच्या सव्वीस वर्षांत मिळून बोलला नसेल.

वैशाखात धुरपदाबाई आल्या.

पंचाहत्तरीच्या, वाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. वेलाचे बी त्यांनीच दिले होते. तेव्हा ते कुणाच्या फारसे लक्षात राहिले नव्हते. त्या झाडलोटीच्या वेळेला आल्या, सरळ खुर्चीपाशी गेल्या, शाल बाजूला सारली आणि भोपळ्याच्या बुडाशी अंगठा दाबला. अंगठा किंचित आत गेला.

"मल्हारी, ह्यो खालून मऊ पडायलाय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिस लई झाले. मग आतलं बी नासंल."

मल्हारने गडबडून सांगितले, की अध्यक्षांची मुदत तीन वर्षांची आहे.

धुरपदाबाई खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. मग त्यांनी सांगितले ते मल्हारला ठाऊक नव्हते. त्यांचे माहेर गोंदणी. धरण झाले तेव्हा ते पाण्याखाली गेले. पण दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गोंदणीच्या विहिरीचे कठडे वर येत, आणि त्या चालत जाऊन त्या कठड्यावर घटकाभर बसून येत. वर्षातून एकदा माहेरपण. गेली दोन वर्षे पाणी ओसरलेच नाही. कठडे दिसले नाहीत. हा भोपळा त्या विहिरीच्या काठचा. आईने लग्नात ओटीबरोबर बी दिले होते, ते राखेत घालून गाडग्यात ठेवत, पेरत, पुन्हा ठेवत साठ वर्षे आणले. गेल्या साली गाडगे उघडले तर किडे लागलेले. पाच बिया धड निघाल्या, पाचही मंडळाला दिल्या, कारण त्यांच्या अंगणात आता ऊन येत नाही. उगवले एकच. म्हणजे गोंदणी गाव या घडीला, शाल पांघरून, या खुर्चीत बसले होते.

"मिरगात पेरलं तर उगवंल," त्या म्हणाल्या. "न्हाय तर झालंच."

मल्हारने खिशातली किल्ली चाचपली. त्याच्या मनात आले, आत्ता इथे तिसरे कुणी नाही. ते धुरपदाबाईंना कळले असावे.

"चोरून न्हाय हं. चोरीचा येल लई फुटतो म्हणतेत. पर माझ्या माहेराला म्या चोरून न्यायचं व्हय?" मग त्यांनी हात पुढे धरून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "आन् मला तर कापताच येत न्हाय. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली इळी लावू न्हाय. घरातला थोरला लेक धरतेत त्याला. बाप्यानं एक चीर द्यायची, मग आमी चिरायचा. मालक गेले तवापासून माझ्या घरात भोपळ्याची भाजी झाली न्हाय."

रीत मल्हारला माहीत होती. त्यांच्या घरीही आई भोपळा आणला की विळी मांडून वडिलांची वाट पाहत बसे. वडील येऊन एक चीर देत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, आणि मग आई पुढे सरके. मल्हारवर तशी वेळ कधी आली नव्हती.

तो आधी आण्णासाहेबांकडे गेला. विषय सांगायला त्याला त्यांच्या ओट्यावर अर्धा तास लागला. आण्णासाहेबांना बाईचे म्हणणे रास्त वाटले. मात्र त्यांनी विळी लावली, तर शिवलिंगप्पांचे लोक म्हणतील अध्यक्ष त्यांनी पाडला. शिवलिंगप्पांनी चीर द्यावी, त्यांची आडकाठी नाही. मल्हार दुकानात गेला. गूळ तोलता तोलता शिवलिंगप्पांनीही बाईचे म्हणणे रास्त ठरवले. पण हात त्यांचा लागला, तर आण्णासाहेब जन्मभर उगाळतील. आण्णासाहेबांनी करावे. उरलेल्या दहा जणांपैकी पाच इकडचे होते, पाच तिकडचे. पिराजीमामाही इकडचेच निघाले. सून आण्णासाहेबांच्या भावकीतली.

रोहिणी नक्षत्रातल्या रविवारी बैठक भरली. विषयपत्रिकेत मल्हारने चौथ्या क्रमांकावर लिहिले होते: अध्यक्षांना विळी लावण्याबाबत. धुरपदाबाई सभासद नव्हत्या, म्हणून उंबऱ्यापाशी बसल्या. त्यांनी घरून विळी आणली होती, फडक्यात गुंडाळून.

चौथा विषय आला आणि मंडळात प्रथमच दोन्ही देशांचे एकमत झाले. अध्यक्ष जाता कामा नये. ते आल्यापासून पाण्यावरून भांडण नाही, बक्षीस आले, गावात नाव झाले. शिवलिंगप्पांनी मंडळाची घटना वाचून दाखवली. अध्यक्षपद तीन प्रसंगी रिकामे होते: स्वहस्ताक्षरात राजीनामा दिल्यास, गाव सोडल्यास, किंवा मृत्यू झाल्यास. आण्णासाहेबांनी अध्यक्षांकडे तोंड करून विचारले, की मग अध्यक्ष मृत आहेत काय? या प्रश्नावर बराच काळ चर्चा झाली. कुणी म्हणाले, देठ वाळला तेव्हाच गेले. कुणी म्हणाले, मग आपण मेलेल्याचा सत्कार केला असे होईल, आणि साहेबांनी हार घातला त्याचे काय.

"मला पेन्शनीसाठी दर साली हयातीचा दाखला द्यावा लागतोय," पिराजीमामा म्हणाले. "अध्यक्षाकडं मागा की."

एकाने सुचवले, की न कापता बी काढण्याचा काही मार्ग शोधावा. ही सूचना सर्वांना आवडली. तिच्या अभ्यासासाठी तिघांची समिती नेमण्यात आली आणि समितीने दिवाळीनंतर अहवाल द्यावा असे ठरले. अध्यक्षांची काही हरकत? भोपळ्याच्या बुडातून एक पाण्याचा थेंब निघाला, चुंबळीत मुरला. हरकत नव्हती.

मल्हार लिहीत होता. 'अहवाल' हा शब्द लिहून झाला आणि त्याने उंबऱ्याकडे पाहिले. धुरपदाबाई रडत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. त्या फडक्याची गाठ पुन्हा बांधत होत्या. साठ वर्षे जपलेल्या वस्तूचा निरोप घ्यायला जेवढी शांतता लागते तेवढी त्यांच्या बोटांत होती. मल्हारला एकाएकी स्वच्छ दिसले, की हे सारे त्याच्यापासून सुरू झाले. त्या भादव्यात त्याने एक हात उचलला असता, कुणाहीसाठी, तर हा भोपळा केव्हाच उतरवला, चिरला आणि राखेत ठेवला गेला असता. गप्प बसण्याने कुणाचे काही बिघडत नाही, अशा समजुतीत त्याने आयुष्य काढले होते.

त्याने वही मिटली. मग हात वर केला.

सगळे त्याच्या हाताकडे पाहू लागले. स्वतः मल्हारही पाहू लागला. तो हात इतका उंच जातो हे त्याला माहीत नव्हते.

"माझं मत राहिलं होतं," तो म्हणाला.

"कवाचं?" आण्णासाहेबांनी विचारले.

"गेल्या भादव्यातलं."

तो आणखी बोलणार असे सर्वांना वाटले, पण त्याच्याजवळचे शब्द संपले होते. तो उठला. उंबऱ्यापाशी जाऊन त्याने दोन्ही हात पुढे केले. धुरपदाबाईंनी गाठ सोडून विळी त्याच्या हातात दिली. कुणीही अडवले नाही. तो इकडचा नव्हता, तिकडचाही नव्हता. त्याच्या हाताने जे होणार होते, त्याचा ठपका ठेवायला दोन्ही देशांत जागाच नव्हती. शिवलिंगप्पांनी घटनेचे पान उलटून पाहिले. पुढचे पान कोरे होते.

मल्हारने फेटा काढला, घडी केली. शाल काढली. अध्यक्षांना उचलून जमिनीवर ठेवले तेव्हा ते त्याला आठवणीपेक्षा हलके लागले. विळीवर पाय देऊन तो बसला आणि वाकून भोपळ्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन काहीतरी म्हणाला. ते ऐकू कुणालाच आले नाही. ती सवय असलेला एकटाच श्रोता तिथे होता. मग त्याने डोळे मिटले आणि पहिली चीर दिली.

आवाज झाला तो ओली पाटी फुटावी तसा. धुरपदाबाई सरकत पुढे आल्या आणि त्यांनी उरलेले काम हाती घेतले. भोपळा उघडला. एक बाजू विरघळली होती, तिचा आंबूस वास सुटला. दुसरी बाजू मात्र भरली केशरी होती, आणि दोहोंच्या मध्ये, तंतूंच्या जाळ्यात, बिया होत्या. त्यांतल्या काहींना आतल्या आत पांढरे कोंब फुटले होते. आत काही काळापासून कुणीतरी, अंधारात, वाट पाहणे सोडून उगवायला लागले होते.

धुरपदाबाईंनी बिया पदरात घेतल्या. पिराजीमामांनी टोपी काढली. ते पाहून सगळे उभे राहिले आणि किती वेळ उभे राहावे हे न कळल्यामुळे बराच वेळ उभे राहिले. शेवटी आण्णासाहेबांनी घसा खाकरला. चांगल्या बाजूचे काय करायचे, असा प्रश्न त्यांनी खुर्चीकडे तोंड करून विचारला. खुर्चीत फक्त चुंबळ होती. अध्यक्ष खावेत की नाही, याविषयी घटनेत काहीच तरतूद नव्हती. दुपारी शिवलिंगप्पांच्या दुकानातला गूळ घालून भाजी झाली. तेरा जणांनी आणि धुरपदाबाईंनी मिळून ती खाल्ली. माणूस गोड होता, असे कुणीतरी हळहळून म्हणाले. मल्हारला पहिला घास गिळायला जड गेला. नंतरचे गेले नाहीत.

नव्या अध्यक्षाच्या निवडीचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा सहा आणि सहा. या वेळी मल्हारने वर पाहिले नाही. त्याने धुरपदाबाईंचे नाव घेतले. त्या पदरातल्या बिया राखेत घोळत होत्या.

"नको बाबा," त्या म्हणाल्या. "तीन वरसांनी मलाबी कापायला बसाल."

तेव्हा नवे फळ धरेपर्यंत चुंबळीने प्रभारी म्हणून काम पाहावे, असे सर्वानुमते ठरले. तिला शाल घालायची की नाही, यावर दोन मते पडली, पण आवाज कुणी चढवला नाही. खुर्चीकडे तोंड करून बोलायची सवय आता लागून गेली होती. सायंकाळी मल्हारने इतिवृत्त पुरे केले. दोन वर्षांच्या वहीत 'सचिव' हा शब्द फक्त शेवटी, सहीखाली येत असे. आज तो मधल्या ओळीत आला: पहिली विळी सचिवांनी लावली.

मृगाच्या दिवशी सकाळी धुरपदाबाई बागेत आल्या. पत्र्याखाली आळी तयार होती, आण्णासाहेबांच्या आणि शिवलिंगप्पांच्या हातची, शेजारी शेजारी. पेरून झाल्यावर त्यांनी एक बी मल्हारच्या तळहातावर ठेवले. ते राखेने माखलेले होते.

"हे तुझ्या अंगणात लाव. तुझ्याकडं ऊन हाय. कार्तिकात माझ्या घरी ये. एक भोपळा म्या घरी नेणार हाय. इळी तूच लावायचीस."

"येतो," मल्हार म्हणाला.

खुर्ची आत होती, कुलपात. त्याने हे धुरपदाबाईंकडेच पाहून म्हटले होते.